गणिताचे ‘वैयक्तिक’ अ‍ॅप: शिक्षकाच्या नजरेतून

आमच्या गणित विभागात सध्या वापरात असलेले हे अ‍ॅप विद्यार्थ्याच्या प्रत्येक उत्तरानुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते आणि शिक्षकाला प्रत्येकाची प्रगती एका फलकावर दाखवते. कल्पना नवी नाही. प्रत्येकाला आपापल्या गतीने शिकू देणारे अध्यापन-यंत्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकातच तयार केले होते.

सरावासाठी अ‍ॅप उत्तम आहे. मागे पडणारे आणि पुढे धावणारे विद्यार्थी एकाच वेळी सांभाळताना शिक्षकाची जी तारांबळ उडते, ती याने बरीच कमी होते. निदानात मात्र ते कच्चे आहे. १/२ + १/३ चे उत्तर २/५ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ते केवळ चूक ठरवून सोपी उदाहरणे देत राहते; त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे, हे शिक्षकाच्या चटकन लक्षात येते, पण फलकावर दिसतो तो फक्त लाल चौकोन.

माहिती-तंत्रज्ञानाचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ मधील प्रतिमानानुसार (मॉडेलनुसार) उपयुक्तता आणि वापरातील सुलभता यांविषयीच्या धारणांवर तंत्रज्ञानाचा स्वीकार अवलंबून असतो. सहकाऱ्यांना उपयुक्तता मान्य आहे. परंतु अ‍ॅपने ठरवलेला क्रम त्यांना बदलता येत नाही आणि अहवाल वाचायला वेळापत्रकात तासिका नाही. या नाराजीला तंत्रज्ञानाची भीती म्हणणे (प्रशिक्षक हमखास म्हणतात) अन्यायाचे आहे. गृहपाठासाठी अ‍ॅप जरूर घ्यावे. नवा घटक शिकवण्यासाठी मात्र, क्रम बदलण्याची सोय होईपर्यंत, घेऊ नये.