डिमरवर बसून पाहिलेलं स्टार ट्रेक

सांगलीत हौशी नाटकांना लाइट करण्यात, म्हणजे डिमरवर बसून उजेड कमी-जास्त करण्यात, माझी उभी हयात गेली. त्यामुळं पडद्यावर काहीही लागलं की गोष्ट काय आहे याच्या आधी उजेड कुठनं येतोय ते मी बघतो. घरचे वैतागतात. पण १९६६ पासून चालत आलेल्या स्टार ट्रेकला, म्हणजे अंतराळयानांच्या त्या अमेरिकी मालिका-चित्रपटांना, हीच मोजपट्टी लावायला हवी, असं माझं ठाम मत आहे. या मालिकांचा सूर बदलला की तो संवादात यायच्या आधी भिंतींवर दिसतो.

पहिली मालिका १९६६ ते १९६९ अशी चालली, ७९ भाग. आमच्या पिढीनं ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी बघितली, तीही ब्लॅक अँड व्हाइट सेटवर. रंगीत बघितली तेव्हा निम्मं नाटक रंगातच होतं हे कळलं. यानाच्या भिंती करड्या, आणि कॅमेरामन जेरी फिनरमन त्यावर जांभळी, हिरवी, लाल जिलेटिनं लावून झोत टाकायचा. कॉरिडॉर तोच, पण रंग बदलला की जागा बदलली. पैसे नसताना सेट कसा उभा करायचा, हे राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेल्या कुठल्याही संस्थेला शिकवावं लागत नाही. शिवाय एनबीसी ही वाहिनी टीव्ही बनवणाऱ्या आरसीए कंपनीच्या मालकीची, आणि आरसीएला रंगीत टीव्ही खपवायचे होते. म्हणजे भिंत जांभळी होण्यात कलेइतकाच दुकानदारीचाही हात होता.

त्या उजेडाला शोभेल असाच अभिनय. कॅप्टन कर्क भावुक झाला की डोळ्यांवर नेमकी एक आडवी पट्टी पडते, बाकी चेहरा सावलीत. आपल्याकडं नट पदाला उभा राहिला की स्पॉट मारतात, तसाच प्रकार. विचारही तसेच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील असे. १९६९ च्या एका भागात अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा अशा दोन माणसांचं वैर आहे. एकाची डावी बाजू काळी, दुसऱ्याची उजवी. वर्णद्वेषावर यापेक्षा ढोबळ बोलता येणार नाही. पण ज्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी हे घराघरांत दाखवलं, हे लक्षात घेतलं की तो ढोबळपणा मला खटकत नाही.

चित्रपटांवर फार वेळ घालवत नाही. १९७९ चा पहिला देखणा आणि लांबण लावलेला. यानाभोवती कॅमेरा फिरतोय तो फिरतोच. १९८२ ला दिग्दर्शक निकोलस मायर आला आणि त्यानं सगळ्याला आरमाराचा बाज दिला: गडद लाल गणवेश, शिट्या, पाणबुड्यांसारखी लढाई. तिथून कर्क म्हातारा होऊ लागला आणि गोष्टीत मरणाला वजन आलं. माझ्या मते चित्रपटांत तोच एक खणखणीत.

आता नेक्स्ट जनरेशन ही मालिका, १९८७ ते १९९४. इथं माझ्यातला लाइटवाला आधी रुसला. सगळीकडं सपाट, एकसारखा उजेड, सावली नावाला नाही. मातकट रंगाच्या भिंती, जमिनीला गालिचा, कॅप्टन पिकार्डच्या शेजारच्या खुर्चीत समुपदेशक बाई, यानात कर्मचाऱ्यांची बायकापोरं. मुंबईतल्या एखाद्या चांगल्या कंपनीचं हेड ऑफिस वाटावं. पण हा उजेड विचारपूर्वक आहे. स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडेनबेरी यांचा आग्रह होता की चोविसाव्या शतकातल्या माणसांत आपसात क्षुद्र भांडणं नसतील. मग अंधार कशाला हवा? लपवायला कोणाकडं काही नाहीच. लेखक मंडळी या नियमानं टेकीला आली होती, कारण भांडणाशिवाय नाटक लिहायचं कसं! पहिल्या दोन सीझनमध्ये ती दमछाक दिसतेही. तिसऱ्यापासून मायकल पिलर यांनी लेखनाची सूत्रं घेतली आणि मार्ग सापडला: भांडण माणसामाणसांत नको, तत्त्वांत होऊ दे.

दुसऱ्या सीझनमधला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग मात्र त्याच्याही आधीचा. डेटा हा यंत्रमानव कोणाच्या मालकीची वस्तू की स्वतःचा मुखत्यार, असा खटला. त्याच्या मित्रालाच त्याच्याविरुद्ध उभं राहावं लागतं, आणि तो काम इतकं चोख करतो की भर सुनावणीत मित्राचं बटण बंद करून दाखवतो. पूर्ण भागात माणसं बसून बोलतात, आणि खुर्चीवरनं उठवत नाही. वर्षाला २६ भाग असायचे, म्हणून पोकर खेळायला, बासरी वाजवायला, उगाच गप्पा मारायला सवड होती. त्या सवडीतूनच या मालिकेचा सूर बनलाय. रटाळ भागही त्यातच निघाले, ते सोसावे लागतात.

आणि मग १९९३ ला डीप स्पेस नाइन. रॉडेनबेरी १९९१ ला गेले होते. यान नाही, एक स्थानक, तेही दुसऱ्यांनी बांधलेलं: कार्डेशियन या परग्रहवासीयांनी बाजोर ग्रहावर कब्जा केला तेव्हा जिथं गुलामांकडनं खनिज गाळून घेतलं, तीच जागा. टोकदार कमानी, खालनं आणि बाजूनं येणारा उजेड, माणसाच्या गालावर सावली. मी पहिला भाग लावला आणि सरळ होऊन बसलो. इथं कोणीतरी लाइट केलाय!

त्यातला ‘इन द पेल मूनलाइट’ हा भाग, १९९८ चा. कॅप्टन सिस्को कॅमेऱ्याकडं थेट बघून आपली डायरी सांगतोय. हे तर सरळ सरळ स्वगत. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीतास्वयंवर रंगवलं, त्या गावच्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटणारच. रोम्युलन या परग्रहवासीयांना आपल्या बाजूनं चालू युद्धात ओढायचं म्हणून सिस्को एक खोटं करतो, ते झाकायला दुसरं, आणि शेवटी त्याच्या शिंपी-कम-हेर मित्राच्या हातनं खून होतो. पिकार्डच्या सपाट उजेडात हे घडलंच नसतं. बोलता बोलता सिस्को कोट काढतो, पेला हातात घेतो. मला जगता येईल, असं स्वतःला बजावतो आणि सगळी नोंद पुसून टाकतो. दिग्दर्शकानं शेवटी ब्लॅकआउट मागितला असता तरी मी दिला नसता. त्या चेहऱ्यावर उजेड राहायलाच हवा.

अंधार डीप स्पेस नाइननं कमावला, असं मी म्हणतो ते यासाठी. तिथं सावली पडते कारण माणूस काहीतरी दडवतोय. एक तक्रार मात्र आहे. नेक्स्ट जनरेशन मूळ फिल्मवरनं पुन्हा एचडी केली, हिच्या वाट्याला ते भाग्य आलेलं नाही. पंचावन्न इंची टीव्हीवर चित्र पिठूळ दिसतं. लहान पडद्यावर बघा.

व्हॉयेजर (१९९५ ते २००१) घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलेल्या यानाची, पण पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा लख्ख आणि रंगरंगोटी केलेलं. कॅप्टन जेनवे झकास, बाकी हुकलेली संधी. एंटरप्राइज २००१ ला सुरू झाली. ११ सप्टेंबरनंतर दुसऱ्या सीझनच्या शेवटी पृथ्वीवर हल्ला, लाखो मृत्यू, आणि तिसऱ्यात कैद्याला छळणारा कॅप्टन. अमेरिकेच्या मनात काय चाललंय ते थेट पडद्यावर आलं. २००९ च्या चित्रपटात जे. जे. अब्राम्स यांनी तर प्रेक्षकाच्याच डोळ्यांत टॉर्च मारला.

२०१७ ची डिस्कव्हरी बघताना मी खोलीतली ट्यूब बंद केली, पडदे ओढले, टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला. तरी कोण कोणाशी बोलतंय ते कळेना. निळा अंधार, तिरका कॅमेरा, प्रत्येक प्रसंगात विश्व बुडायची वेळ. लॉर्का या कॅप्टनच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून तो खोलीत दिवे मंद ठेवतो, आणि त्यामागं कथेतलं भक्कम कारण निघतं. ही युक्ती मला बेहद्द आवडली. पण बाकीच्यांनी कोणाची भीड धरून अंधारात बसायचं? सूर गंभीर करायचा म्हणजे डिमर खाली ओढायचा, हा नवशिक्या दिग्दर्शकांचा आवडता समज, स्पर्धेच्या तालमीत दरवर्षी ऐकतो. पिकार्ड मालिकेचे पहिले दोन सीझन त्याच वाटेचे. तिसऱ्यात जुन्या यानाचा ब्रिज, म्हणजे यान चालवायची खोली, पुन्हा बांधलाय, दिवे लागतात, आणि म्हातारा पिकार्ड चक्क गालिच्याची आठवण काढतो. मी टाळी वाजवली.

२०२२ ची स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स रंग परत घेऊन आली. पिवळे, निळे, लाल गणवेश, दर भागाला नवी गोष्ट, मागं एलईडीची वळणदार भिंत. आपल्याकडं लग्नाच्या स्टेजवर ती भिंत आली आणि रसभंग झाला. इथं ती काम करते, कारण तिचा उजेड नटांच्या तोंडावरही पडतो. २०२३ मध्ये एक अख्खा भाग गाण्यांतून केलाय. देवलांच्या हरिपूरजवळ राहणाऱ्याला त्याचं अप्रूप ते काय, तरी लहानपणी पहिल्या मालिकेत बघितलेल्या स्पॉकला गाताना बघून मजा आली. उणीव एवढीच की सीझन दहाच भागांचा. प्रत्येक भागाला काहीतरी अचाट करून दाखवायची घाई असते, नुसतं बसून बोलायला कोणाला वेळ नाही.

नव्यानं बघणाऱ्यानं माझ्या हिशेबानं नेक्स्ट जनरेशनच्या तिसऱ्या सीझनपासून लागावं, मागं वळून ‘मेझर ऑफ अ मॅन’ तेवढा घ्यावा, मग डीप स्पेस नाइन सलग. पहिली मालिका निवडून, चवीपुरती. ॲपवाले या मालिका इकडनं तिकडं हलवत असतात, एक सापडते तोवर दुसरी गायब. त्यामुळं वर्षाचं सबस्क्रिप्शन भरायच्या आधी डीप स्पेस नाइनचे सातही सीझन आहेत का तेवढं बघा. डिस्कव्हरी बघायचीच असेल तर दुपारी लावू नका, काचेत स्वतःचंच तोंड दिसतं.