सात रस्त्याजवळचा इंग्रजी क्लास: शिकवणं झकास, नोट्स भिकार

'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' असले बोर्ड आपल्या सोलापुरात पावलोपावली. मला फाडफाड बोलायचं नव्हतंच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी एक्सपोर्टची कागदपत्रं बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्टचं इंग्रजी तोंडपाठ आहे, घोडं अडतं ते बायर चिडून मेल लिहितो तेव्हा. म्हणून सात रस्त्याजवळची ही संध्याकाळची बॅच लावली. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

आधी चांगलं सांगते. एका मालाचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन, कमी भरलं. जहाजावरच्या दमट हवेने वजन उतरलं, असं मालकांनी कळवायला लावलं. उलट टपाली उत्तर: 'युवर ह्युमिडिटी थिअरी इज प्युअर बंकम.' मोबाइलने अर्थ दाखवला 'निरर्थक बडबड'. मालक म्हणाले, "शिवी दिली का ओ मॅडम त्याने?" पॅकिंगच्या अण्णांना बंकिमचंद्र आठवले. मी तो मेल घेऊन क्लासला गेले.

सरांनी त्या दिवसाचे प्रिपोझिशन बाजूला ठेवले. म्हणाले, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात बंकम नावाची काउंटी आहे, स्पेलिंग वेगळं, बी-यू-एन-सी-ओ-एम-बी-ई. 1820 साली मिसुरीला राज्य म्हणून घ्यायचं का, तिथे गुलामगिरी चालू द्यायची का, यावर अमेरिकेच्या संसदेत रणकंदन चाललं होतं. सगळे मतदानासाठी ताटकळलेले, आणि बंकमच्या भागाचे खासदार फेलिक्स वॉकर भाषणाला उभे. लोक म्हणाले, बसा आता. हे म्हणाले, मला बंकमसाठी बोललंच पाहिजे. म्हणजे मुद्दा गेला उडत, गावाकडे कळलं पाहिजे की आपला माणूस बोलला. (बॅचमध्ये हशा पिकला. आपल्याकडे अशी भाषणं कमी का ऐकलीत?) तेव्हापासून पोकळ, दिखाऊ बोलण्याला बंकम म्हणू लागले. त्याचंच आखूड रूप बंक, आणि त्यावरून 1923 मध्ये विल्यम वुडवर्ड या लेखकाने डिबंक हे क्रियापद काढलं: थापेचा फुगा फोडणे. आपण लेक्चर बंक करतो तो बंक वेगळा.

पण फी वसूल झाली ती पुढच्या दहा मिनिटांत. सर म्हणाले, हा शब्द माणसाला लावत नाहीत, त्याच्या म्हणण्याला लावतात. 'ही इज बंकम' चुकीचं. आधी 'अ' नको, अनेकवचन नको. शिवी नाही, जुन्या वळणाचा शब्द आहे, पण झोंबणारा. नुसत्या गप्पाटप्पांना बंकम म्हणत नाहीत. पटवून देण्यासाठी मारलेली बात असेल तर म्हणतात. कळतच नाही अशा बोलण्याला जिबरिश. मोबाइलच्या 'निरर्थक बडबड'मध्ये हे दोन्ही एकाच पोत्यात कोंबलेत. आपल्या मेलमध्ये वापरू का, असं एका पोराने विचारलं. सर म्हणाले, बायरला चुकूनही नको, मित्राला खुशाल.

आता खरं सांगायचं तर बायरचंच बरोबर होतं. कापूस दमट हवेत ओलावा ओढतो, वजन वाढतं, उतरेल कसं? हे मालकांनाही ठाऊक. शब्दावर वाद न घालता लॅबचा रिपोर्ट मागवा, हा सरांचा सल्ला मी ऑफिसात तसाच्या तसा सांगितला आणि तसाच मेल गेला.

आता तक्रारी. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं गायब, आणि त्याचे पैसे वेगळे. फी सगळी आगाऊ, हप्ता विचारला की ऑफिसातल्या बाई कपाळाला आठ्या घालतात. बँकेच्या परीक्षेची पोरं आणि आमच्यासारखी नोकरीवाली एकाच बॅचमध्ये, त्यामुळे सर आठवड्यातले निम्मे दिवस रिकाम्या जागा भरा यातच घालवतात. गाडी लावायला जागा नाही.

शाळेतल्या मुलांना इथे घालू नका, पाया पक्का करण्याचं काम हे करत नाहीत. ऑफिसात इंग्रजी मेल येतात त्यांनी मात्र जावं, आणि अडलेला मेल सोबत न्यावा, सर तो आवडीने घेतात. डेमो फुकट आहे. पुढच्या बाकावर बसा, मागे पंख्याच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही.