अनाथ नसलेल्या मुलांचं अनाथालय: नेपाळला मदत करताना होणारी फसवणूक

काठमांडू किंवा पोखऱ्याला जाऊन पंधरा दिवस अनाथ मुलांना शिकवायचं, किंवा घरबसल्या दरमहा ठरावीक रक्कम पाठवून एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा, असे प्रस्ताव पुण्यामुंबईच्या कॉलेजांतल्या मुलांपर्यंत, डॉक्टरांच्या गटांपर्यंत आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचतात. त्यातले काही खरे असतात. खोट्या प्रस्तावांत पैसे बुडतात, पण ते नुकसान त्यातल्या त्यात लहान. ज्या मुलासाठी पैसे दिले, ते मूल अनेकदा याच पैशांसाठी घरातून उचलून आणलेलं असतं.

हा धंदा उभा राहिला तो नेपाळमधल्या १९९६ ते २००६ या काळातल्या माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्या सशस्त्र संघर्षात. हुमल्यासारख्या दुर्गम पहाडी जिल्ह्यांत दलाल गावोगाव फिरले. मुलाला शहरात चांगल्या शाळेत घालतो, बंडखोरांच्या भरतीपासून वाचवतो, असं सांगून त्यांनी आईबापांकडून पैसे घेतले आणि मुलं काठमांडूत आणली. इथे त्याच मुलांची नोंद अनाथ म्हणून झाली. म्हणजे एका मुलावर दोनदा कमाई: एकदा आईबापांकडून, एकदा देणगीदाराकडून. ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’सारख्या संस्थांनी पुढे अशा मुलांची कुटुंबं शोधायचं काम हाती घेतलं, आणि मृत म्हणून नोंदवलेले आईबाप गावात शेती करताना सापडले. सोडून दिलेली म्हणून दाखवलेल्या मुलांची दत्तक प्रकरणं अमेरिकेने ऑगस्ट २०१० मध्ये थांबवली, कारण त्यांची कागदपत्रं विश्वासार्ह राहिली नव्हती. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर दलाल पुन्हा डोंगरात पोहोचू लागले, तेव्हा नेपाळ सरकारला पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंधन घालावं लागलं. मुलाला जबरदस्तीने अनाथ म्हणून नोंदवणं हा २०१८ च्या बालकायद्यानुसार तिथे गुन्हा आहे.

नकाशा पाहिला तरी बरंच कळतं. मुलं येतात दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून, आणि बहुसंख्य बालगृहं मात्र काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की (पोखऱ्याचा जिल्हा) आणि चितवन या पर्यटकांच्या जिल्ह्यांत. गरज जिथे आहे तिथे बालगृह नाही, पाहुणा जिथे उतरतो तिथे आहे. कंबोडियातही हेच झालं. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथली अनाथालयं सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचा निदान एक पालक हयात होता.

फसवणुकीची सुरुवात स्वयंसेवकाच्या शुल्कापासून होते. राहणं, जेवण, विमानतळावरून नेणं आणि ‘प्रकल्पाला मदत’ मिळून एक ठोक आकडा सांगितला जातो. या आकड्याची लेखी फोड मागा: दलाल कंपनी किती ठेवते, घरमालकाला किती, बालगृहाला किती. फोड मिळाली नाही तर तिथेच थांबलेलं बरं. मिळाली तर उतरायची जागा कोणाच्या मालकीची आहे तेही विचारा. ती बऱ्याचदा बालगृहाच्या संचालकाच्या मेहुण्याची किंवा भावाची निघते.

नंतर बालगृहात जे दिसतं ते बेतलेलं असतं. मुलांच्या पायात चपला नाहीत, गाद्या फाटलेल्या, थंडीत एका रजईत तिघं. आपल्याला वाटतं पैसे नाहीत म्हणून हे असं आहे. पैसे आलेले असतात, पण सोय सुधारली तर पुढचा पाहुणा हात सैल सोडणार नाही, म्हणून ती सुधारली जात नाही. मागच्या गटाने दिलेले स्वेटर कुठे आहेत, हा साधा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

स्वेटरांचं उत्तर दुकानात असतं. रोख रक्कम द्यायला मन कचरणाऱ्याला संचालक म्हणतो, पैसे नकोच, सामान घ्या. मग तो ठरावीक दुकानात नेतो. तांदळाची पोती, दूध पावडर, दप्तरं, ब्लँकेट असं सगळं बिलासकट घेतलं जातं, फोटो निघतात. पाहुणा परतला की सीलबंद माल त्याच दुकानात परत जातो आणि दुकानदार कमिशन कापून रोख देतो. काठमांडूतल्या थामेल या पर्यटकांच्या भागात रस्त्यावर बाळासाठी दुधाचा डबा मागणारी बाई याच पद्धतीने काम करते. दुकान आपण निवडायचं, दप्तरांची लेबलं कापून त्यांवर पक्क्या शाईने मुलाचं नाव लिहायचं, पोती बालगृहात उघडून धान्य डब्यांत भरायचं, एवढ्याने हा मार्ग बराचसा बंद होतो. संचालकाला त्याचा राग आला तर तेही एक उत्तरच.

भारतीयांसाठी यात एक खास सापळा आहे. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. बिलावर, फी-पत्रकावर, अंदाजपत्रकावर मात्र नुसतं ‘रु.’ लिहिलेलं असतं. शाळेची फी नेपाळी रुपयांत आणि देणगीदाराने भरली भारतीय रुपयांत, की न बोलता साठ टक्के जास्तीचे जातात. प्रत्येक आकड्यापुढे कोणते रुपये ते लिहून घ्या.

दुसरा सापळा तारखांचा. नेपाळचे सरकारी कागद विक्रम संवतात असतात. हा संवत इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षं पुढे, आपल्या शकाच्या १३५ वर्षं पुढे. नोंदणीपत्रावर ‘२०८० असारपर्यंत वैध’ दिसलं की घाईत वाटतं, अजून खूप अवकाश आहे. असार म्हणजे आषाढ, आणि प्रत्यक्षात ती मुदत जुलै २०२३ च्या मध्याला संपलेली. स्वयंसेवी संस्थेची नोंदणी जिल्हा प्रशासन कार्यालयात होते आणि तिचं नूतनीकरण करावं लागतं. तिथलं आर्थिक वर्ष साऊन महिन्यात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्याला सुरू होतं. म्हणून चालू वर्षाचं नूतनीकरण आणि गेल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, दोन्ही मागायचे. परदेशी मदत घेणाऱ्या संस्थेला समाजकल्याण परिषदेची परवानगीही लागते. ‘आमचं काम लहान आहे, आम्हाला ती लागत नाही’ असं कोणी म्हटलं तर व्यवहार पुढे नेऊ नये.

मुलाचं पालकत्व दरमहा घेण्याच्या योजनेत एकाच मुलाला पाच देशांत पाच ‘पालक’ असू शकतात. पत्रं येतात, चित्रं येतात, गुणपत्रिकाही येते. आलेले फोटो इंटरनेटवर उलट शोधून पाहा, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे वापरलाय ते बघा. तेच मूल दुसऱ्या नावाने दुसऱ्या पानावर सापडू शकतं. त्याहून पक्की तपासणी म्हणजे फी थेट शाळेच्या खात्यात भरण्याची तयारी दाखवणं आणि पावती शाळेकडून मागणं. नेपाळच्या सरकारी शाळांत माध्यमिक स्तरापर्यंत शिक्षण मोफत आहे, तेव्हा मोठी फी सांगितली तर मूल कोणत्या खासगी शाळेत आहे आणि गावातली शाळा का सोडली, हे विचारायलाच हवं.

खरी कसोटी मुलाच्या घराबद्दलच्या प्रश्नांत असते, स्वयंपाकघर आणि संडास पाहण्यात नाही. मुलाचं गाव कोणतं? जन्मदर्ता, म्हणजे जन्मनोंद, कोणत्या वडा (वॉर्ड) कार्यालयातली? आईबाप गेले असतील तर मृत्युनोंद कुठे आहे? मामा, काका, आजी कोण हयात आहेत आणि शेवटची भेट कधी झाली? दसैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, किती मुलं घरी गेली? दसैंला नेपाळी घरात थोरांच्या हातचा टिका घ्यायला सगळे परततात, आणि नेमका तोच ऑक्टोबरच्या आसपासचा काळ पर्यटकांच्या हंगामाचा. त्या दिवसांतही सगळी मुलं बालगृहातच असतील तर कारण ऐकून घ्या. कागद दाखवले म्हणून गाफील राहू नये, कारण खोट्या मृत्युनोंदी करूनच तर ही मुलं अनाथ झाली. हे सगळं संचालकाला विचारावं, मुलाला नाही. मुलाला बहुधा पढवलेलं असतं, आणि खरं बोललं तर मागून मार त्यालाच बसतो.

चांगली संस्था आपल्याला जड जाईल असं वागते. ती पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र मागते, ओळखीच्या दोघांची पत्रं मागते, मुलांचे फोटो काढू देत नाही, मुलांना बाहेर फिरायला नेऊ देत नाही, आणि दोन आठवड्यांच्या पाहुण्याला मुलांसोबत एकटं सोडत नाही. जिथे सकाळी ओळख झाली आणि दुपारी पोरं मांडीवर आली, तिथे कोणीही येऊन काहीही करू शकतो. दर पंधरवड्याला नवा शिक्षक येऊन पुन्हा एबीसीडीपासून सुरू करतो, हेही बघण्यासारखं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला नेपाळमध्ये बिनपगारी कामही करता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा लागत नाही, पण अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवर जाणाऱ्या मराठी तरुणांना ‘पर्यटक म्हणून या, कोणी विचारत नाही’ असं सांगणारी संस्था स्वतःसोबत त्यांनाही अडकवते.

आरोग्य शिबिरांचं थोडक्यात. बाहेरच्या डॉक्टरला, भारतीय असला तरी, नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, आणि आयोजकाने ती आधी काढलेली नसेल तर शिबीर फोटोंसाठीच आहे असं समजावं. औषधं देताना ती पोहोचतील तेव्हा निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या देऊन निघून जाणारं शिबीर दुसऱ्या महिन्यात काय होणार ते सांगत नाही. जवळच्या सरकारी आरोग्य चौकीशी लेखी बोलणं झालंय का, ते पाहा.

पैशांच्या वाटेवर तीन गोष्टी. एक, परदेशातल्या बालगृहाला दिलेल्या देणगीवर भारतात आयकरातली ८०जी ची सवलत मिळत नाही, त्यामुळे ती देऊ करणारा खोटं बोलतो. दोन, वैयक्तिक खातं, वॉलेट किंवा भलत्याच दुकानाचा क्यूआर कोड आला की थांबायचं. संस्थेचं नाव आणि खात्याचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. तीन, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाने भारतातल्या संस्थेला दिलेले पैसे ही परदेशी देणगी ठरते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ‘आमच्या पुण्याच्या ट्रस्टला पाठवा, आम्ही नेपाळला पोहोचवतो’ हे म्हणून बेकायदा आहे.

बालगृहात गेल्यावर संशय आला तर तिथे भांडू नये आणि मूल बाहेर काढायच्या फंदात अजिबात पडू नये. त्या रात्रीच मुलं दुसरीकडे हलवली जातात. नोंदणीपत्र, बिलं, पाटी यांचे फोटो घ्या, मुलांची नावं आणि सांगितलेली गावं तारखेसह लिहून ठेवा, आणि बाहेर पडल्यावर नेपाळच्या १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा राष्ट्रीय बाल अधिकार परिषदेकडे कळवा. भारतातून ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेलाही लेखी कळवा. रक्कम पुढे सरकली की ती परत मिळण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. दरमहा चालू असलेली देणगी मात्र कळवल्याशिवाय एकाएकी तोडू नका. बाल अधिकार परिषदेला किंवा कुटुंबं शोधणाऱ्या संस्थेला आधी सांगा, म्हणजे मुलांची तपासणी आणि घरी परतण्याची व्यवस्था होईपर्यंत ताटात काही पडत राहील.