अ‍ॅक्सोलॉटलसाठी लिक्विड टेस्ट किट: लातूरच्या पाण्यात पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

लातूरमध्ये अ‍ॅक्सोलॉटल (कायम पाण्यातच राहणारा, पालीसारख्या आकाराचा उभयचर प्राणी) पाळायचा असेल तर फिल्टरच्याही आधी लिक्विड टेस्ट किट घ्या, असं मी आता कुणालाही ठामपणे सांगतो. माझं किट पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट या चार तपासण्यांचं आहे. ट्यूबमध्ये थेंब टाकायचे आणि आलेला रंग कार्डाशी जुळवायचा.

कारण आपलं पाणी. एकाच टाकीत कधी नळाचं, कधी बोअरचं, कधी टँकरचं पाणी जातं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर, इथं पाण्याचा भरवसा धरून चालत नाही. आणि हा जीव मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश तापमान लागतं, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्यतो २० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅमच्या) आत.

किटचा खरा उपयोग टाकीत येणारं पाणी तपासायला झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर बोअर आटला आणि टँकर सुरू झाला. दर आठवड्याला पाणी बदलूनही टाकीतलं नायट्रेट काही उतरेना. शेवटी थेट टँकरचंच पाणी ट्यूबमध्ये घेतलं. आधी पिवळं दिसलं, मग नारिंगी, आणि पाच मिनिटांनी कार्डावरच्या ४० च्या लालसर चौकोनाशी जुळलं. जे बाहेर काढायचं तेच आम्ही बादलीनं आत ओतत होतो! खतांचं आणि सांडपाण्याचं नायट्रेट जमिनीत मुरून विहिरी-बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणसाला चालणारं पाणी या लेकराला मानवेलच असं नाही.

तेव्हापासून पाणी बदलताना निम्मं आरओचं घेतो. नुसतं आरओ मात्र घालू नका. त्यात क्षार नसतात, केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) संपला की पीएच घसरतो, आणि अ‍ॅक्सोलॉटलला थोडं जड पाणीच मानवतं. त्या बाबतीत आपला बोअर उपयोगी आहे.

उन्हाळ्यातली दुसरी गोष्टही किटमुळेच कळली. हवा कोरडी असल्यानं पाण्यावर लावलेला पंखा तापमान दोन-चार अंश सहज उतरवतो. पण उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार आणि नायट्रेट टाकीतच राहतात. वर बोअरच्या पाण्याची भर घातली की ते साठतच जातात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओची. एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते, तेव्हा पंख्यावर भागत नाही, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच.

अमोनियाची तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो, आणि आमच्या बोअरचा पीएच ८ च्या आसपास असतो. रात्री बराच वेळ लाईट गेली, अमोनिया घालवणारा फिल्टर बंद राहिला, की सकाळी पहिलं काम अमोनिया पाहायचं. पिवळ्यात हिरव्याची जराशी जरी झाक आली तरी लगेच पाणी बदलतो, कल्ल्यांची टोकं पुढे वळायची वाट पाहत नाही. हा रंग खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली फरक कळत नाही.

किटच्या उणिवाही आहेत. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत तळाशी साका बसतो. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो, आणि हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात दिलंय. क्लोरीन या किटमध्ये कळतच नाही. टँकरमध्ये किंवा नळाच्या पाण्यात टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर असणार हे धरूनच आधी क्लोरीन घालवणारं डीक्लोरिनेटर घालतो. जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएचचं किट वेगळं घ्यावं लागतं, पण जड पाण्याच्या आपल्या भागात तो खर्च टाळू नका.

पट्ट्यांचं किटही वापरून पाहिलं. स्वस्त आहे, पण २० आणि ४० मधला फरक त्यावर नीट ओळखू येत नाही. आमच्याकडे तर सगळा निर्णय त्याच फरकावर असतो.

घेताना बाटल्यांवरची एक्स्पायरी बघा, आणि मे महिन्यात किट पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका.