हिशेब खरा होता, रिटर्न खोटं होतं

बडोद्यात एका अमेरिकन कंपनीच्या शाखेत मी सव्वीस वर्षं नोकरी केली. पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून मूळ कंपनीचे शेअर्स घ्यायची सोय होती. ती मी कधीच बंद केली नाही, म्हातारपणाची तीच माझी मुख्य पुंजी. त्या शेअर्सवर दर तीन महिन्यांनी डॉलरमध्ये डिव्हिडंड येतो. २०२३-२४ मध्ये २,४०० डॉलर आले आणि त्यातले ६०० डॉलर अमेरिकेनेच कापून घेतले. तिथला दर ३० टक्के, पण डब्ल्यू-८बेन हा फॉर्म भरून दिला असेल तर भारत-अमेरिका करारामुळे २५.

हाच डिव्हिडंड इथेही करपात्र असतो. मी तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सेस धरून ३१.२ टक्के. एकाच पैशावर दोन्हीकडे कर पडू नये म्हणून १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९० खाली अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट मिळते. तिथे कापलेला कर आणि इथे त्या उत्पन्नावर बसणारा कर, यांतली जी रक्कम कमी तेवढीच. रुपयांत माझा डिव्हिडंड सुमारे १,९८,००० आणि अमेरिकेत कापलेला कर सुमारे ४९,५००. इथला कर ६१,७७६. म्हणजे ४९,५०० वळते करून १२,२७६ मला भारतात भरायचे होते. हे आकडे मुद्दाम सांगतो आहे, कारण मला फसवणाऱ्या माणसानेही अगदी हेच आकडे काढून दाखवले होते.

आधी आमचं सगळं दांडियाबाजारातले एक वयस्कर सीए बघायचे. ते कागद पुढे करायचे, मी सही करायचो. त्यांनी काम थांबवलं आणि जून २०२४ मध्ये मी नवा माणूस शोधायला लागलो. गणपतीच्या वर्गणीमुळे तोंडओळख असलेला एक तिशीतला मुलगा होता. सयाजीगंजात एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस, बाहेर पाटी, आत दोन मुली कॉम्प्युटरवर. मराठी बोलणारा, पाया पडणारा. "काका, परदेशी डिव्हिडंडचं काम शहरात फार थोड्यांना येतं. रेसकोर्सच्या आयकर भवनात माझी रोजची ये-जा आहे. तुम्ही चिंता सोडा."

त्याने लॅपटॉपवर टॅक्सचं सॉफ्टवेअर उघडलं आणि माझ्यासमोर एकेक आकडा भरला. अमेरिकेत कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे ब्रोकरचं १०४२-एस पाहिलं. ते जानेवारी ते डिसेंबरचं असतं आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून मार्च २०२४ चा डिव्हिडंड त्यात नसणार, हे त्याने स्वतःहून सांगितलं आणि त्या तिमाहीचं स्टेटमेंट मागून घेतलं. डॉलरचे रुपये करताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे डॉलर विकत घेण्याचा दर, मागच्या महिन्याच्या अखेरच्या दिवसाचा धरायचा, हेही त्याला माहीत होतं. परदेशी उत्पन्नाचं शेड्युल एफएसआय, तिथल्या कराच्या सवलतीचं शेड्युल टीआर, परदेशी मालमत्तेचं शेड्युल एफए, सगळं पडद्यावर भरलं गेलं. शेवटी हिशेबाचं चार पानी पीडीएफ काढून दिलं. एवढं जाणणारा माणूस लबाड असेल असं मनातही आलं नाही. काम येत नसणारा माणूस आपण ओळखू शकतो. ज्याला काम चोख येतं आणि तरीही जो फसवतो, त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही.

मग पैसे. वाचवलेल्या कराच्या २० टक्के फी, म्हणजे ९,९००. परदेशात कापलेल्या कराची वजावट मागायचा फॉर्म ६७, त्यासाठी सीएचं सर्टिफिकेट लागतं म्हणून आणखी २,५००. आणि भरायच्या कराचे १२,२८०, "मी इथूनच चलन भरतो, तुम्ही मला यूपीआय करा." मी केलं. आयकर पोर्टलचा पासवर्ड दिला. त्या संध्याकाळी आलेले तीन-चार ओटीपीही फोनवरून वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर तीन पीडीएफ आले: रिटर्नची पोच, फॉर्म ६७ ची पोच आणि चलन. मी ते फाइलमध्ये लावले आणि ऑफिसातल्या दोघा सहकाऱ्यांना त्याचा नंबर दिला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर विभागाने परदेशी मालमत्तेबद्दल मोहीम काढली. ज्यांचे बाहेर शेअर्स किंवा खाती असल्याची माहिती इतर देशांकडून आली होती, त्यांना एसएमएस आणि ईमेल गेले: शेड्युल एफए भरलं नसेल तर ३१ डिसेंबरच्या आत रिटर्न सुधारा. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत हाच विषय. तिघांना मेसेज आले होते, त्यांतल्या एकाने तर सगळं नीट भरलेलं होतं. मला काहीच आलं नव्हतं. आधी बरं वाटलं. रात्री पडल्या पडल्या वाटलं, त्या तिघांइतकेच शेअर्स माझ्याकडे, किंबहुना जास्तच. मग मला मेसेज का नाही?

सकाळी पोर्टल उघडायला गेलो तर पासवर्ड चालेना. माझ्या मित्राची मुलगी इथेच अकोटा भागात सीएची प्रॅक्टिस करते, तिच्याकडे गेलो. आधार ओटीपीने पासवर्ड बदलून आत शिरलो आणि तिने पहिल्यांदा प्रोफाइल उघडलं. तिथे मोबाइल नंबर माझा नव्हता, ईमेल माझा नव्हता. विभागाने मला जे काही कळवलं असेल ते पाच-सहा महिने त्याच्याकडे जात होतं.

मग तिने भरलेली रिटर्न्स काढली. "काका, हे आयटीआर-१ आहे." मला लगेच कळलं नाही. परदेशी मालमत्ता किंवा परदेशी उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालतच नाही, माझं दरवर्षी आयटीआर-२ जायचं. त्याने डिव्हिडंड मुळात दाखवलाच नव्हता. अमेरिकेची वजावट नाही, शेड्युल एफए नाही, फक्त पगार आणि बँकेचं व्याज. भरलेल्या फॉर्म्सच्या यादीत फॉर्म ६७ नव्हता. व्हॉट्सअॅपवरची त्या फॉर्मची पोच बनावट होती. चलनही बनावट, पोर्टलवरच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात त्या रकमेची नोंदच नव्हती. माझ्या कराचे १२,२८० रुपये त्याच्या खिशात गेले होते. आणि ज्या सर्टिफिकेटचे त्याने २,५०० घेतले ते लागतच नव्हतं. फॉर्म ६७ करदात्याने स्वतःच भरायचा होता, सोबत कर कापल्याचा पुरावा जोडायचा होता.

घरी येऊन फाइल काढली. त्याने पाठवलेली रिटर्नची पोच तेवढी खरी होती आणि तिच्यावर वरच्या बाजूला फॉर्मचा नंबर छापलेला होता, आयटीआर-१. एकूण उत्पन्नाचा आकडा हिशेबाच्या पीडीएफपेक्षा १,९८,००० ने कमी. दोन कागद एकाच फाइलमध्ये, एकापाठोपाठ एक लावलेले. मी ते कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण मलाही ती फार उशिरा समजली. सॉफ्टवेअरमध्ये जे दिसतं तो फक्त तयारीचा हिशेब असतो. तो कितीही अचूक असो, त्यातून कुठली फाइल तयार होऊन विभागाकडे गेली हे त्या पडद्यावरून कळत नाही. ते फक्त पोर्टलवर तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतं. ई-फाइलखाली भरलेली रिटर्न्स उघडून पूर्ण फॉर्म डाउनलोड करा, नुसती पोच नको. फॉर्म ६७ भरलेल्या फॉर्म्सच्या यादीत आहे का बघा. कर तुमच्याच खात्यातून पोर्टलवरून भरा, दुसऱ्याच्या यूपीआयवर कधीही नाही. आणि महिन्यातून एकदा प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल तपासा. मला अजूनही तीच जागा सर्वांत जास्त बोचते.

मित्राच्या त्या मुलीने सगळं मार्गी लावलं. आधी फॉर्म ६७ भरला. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो कर-आकारणी वर्ष संपेपर्यंत, म्हणजे माझ्या बाबतीत ३१ मार्च २०२५ पर्यंत चालत होता. मग आयटीआर-२ मध्ये सुधारित रिटर्न २७ डिसेंबरला दाखल केलं. शेड्युल एफए मध्ये कॅलेंडर वर्षाचे आकडे लागतात, तेही तिने बारकाईने बसवले. १२,२७६ रुपये मी व्याजासकट पुन्हा भरले. सुधारित रिटर्नची मुदत चुकली असती तर? परदेशी शेअर्स लपवल्याबद्दल काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण माझे शेअर्स त्याहून जास्त आहेत. आयुष्यभर एक पैसा लपवला नाही, आणि माझ्या नावाने जे गेलं होतं ते लपवलेल्या उत्पन्नाचं रिटर्न होतं.

त्या फसवणाऱ्याला फोन केला. "काका, सॉफ्टवेअरची गडबड असेल, बघून सांगतो." आठवड्याने ऑफिसला कुलूप. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. ओटीपी तुम्हीच दिले होते का, हे तिथे तीनदा विचारलं गेलं. २४,६८० रुपयांपैकी काहीही परत आलेलं नाही.

ज्या दोघांना मी त्याचा नंबर दिला होता, त्यांना त्याच संध्याकाळी फोन लावले. एकाचं रिटर्न माझ्याबरोबरच सुधारलं गेलं. दुसरा मुलाकडे कॅनडात होता, इथला नंबर बंद. तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परतला तेव्हा सुधारित रिटर्नची १५ जानेवारीपर्यंत वाढवलेली मुदतही संपली होती. आता त्याला मुदतीनंतरचं अपडेटेड रिटर्न भरून कर आणि व्याज यांवर २५ टक्के जादा द्यावे लागणार आहेत, आणि शेड्युल एफए चं काय होईल याचा घोर वेगळाच. मी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. वहिनींनी चहा ठेवला. तो बराच वेळ कागद बघत बसला आणि मग म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून मी काहीच तपासलं नाही रे."

त्या जादा २५ टक्क्यांचे पैसे मी देणार आहे. तो नको म्हणतो आहे.