नदीखोऱ्याचा डॅशबोर्ड: काही महिने वापरल्यानंतर

पाऊस, बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि पिकांतून वाफ होऊन हवेत जाणारं पाणी), जमिनीचा वापर आणि भूजल हे सगळं एकाच नकाशावर दाखवणारा नदीखोऱ्यांचा एक ऑनलाइन डॅशबोर्ड गेले काही महिने कामासाठी वापरतेय. सुरुवातीला नुसते रंगीत नकाशेच बघत बसायला होतं. त्याचा खरा उपयोग कळतो तो पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतल्यावर.

उपखोऱ्यावर क्लिक केलं की बाजूला आलेख उघडतो. निळे खांब पावसाचे, हिरवी रेघ बाष्पोत्सर्जनाची. पाऊस संपतो, खांब शून्यावर येतात, तरी काही उपखोऱ्यांत रेघ खाली यायचं नावच घेत नाही. मग पिकांना पाणी मिळतंय कुठून? जमीन वापराचा लेयर चालू केला की नदीलगतचा सिंचित पट्टा समोर येतो. कालवा, नाहीतर उपसा. वर्षाच्या बेरजेतही बाष्पोत्सर्जन पावसाच्या वर गेलं, तर पाणी बाहेरून येतंय किंवा जमिनीतला साठा कमी होतोय, अशी शंका घ्यायलाच हवी. अशा वेळी मिलिमीटरवर थांबू नका. १ चौरस किलोमीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १,००० घनमीटर. ५०० चौरस किलोमीटरच्या उपखोऱ्यात १०० मिमीची तूट आली, तर ती ५० दलघमी (दशलक्ष घनमीटर) होते. हा आकडा बैठकीत ठेवला की चर्चेचा सूरच बदलतो.

पावसाळ्यातल्या बाष्पोत्सर्जनावर मात्र फार भिस्त ठेवू नये. ढगांमुळे उपग्रहाला जमीन दिसत नाही आणि मधले दिवस अंदाजाने भरलेले असतात.

सगळ्यात जास्त खटकतो तो जमीन वापराचा स्लायडर. वर्ल्डकव्हर या उपग्रह-आधारित जमीन वापराच्या नकाशांचे २०२० आणि २०२१ चे १० मीटरचे नकाशे त्यात शेजारी ठेवलेत. स्लायडर ओढला की कुठे शेती घटलेली दिसते, कुठे झाडी वाढलेली. पण हे दोन नकाशे अल्गोरिदमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांनी तयार झालेत. त्यामुळे दिसणाऱ्या फरकात जमिनीवरचा बदल किती आणि पद्धतीचा किती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. ही सूचना माहितीच्या पानावर तळाशी आहे. ती स्लायडरवरच हवी, कारण स्क्रीनशॉट थेट अहवालात जातात आणि त्यावरून गावांच्या पाण्याचे निर्णय होतात.

भूजलाच्या लेयरमागे ग्रेस उपग्रहांची मोजणी आहे. २००२ साली सोडलेली ही जोडी गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून पाण्याच्या एकूण साठ्यातला फरक टिपायची. तिची नजर काहीशे किलोमीटरची, त्यामुळे मोठ्या खोऱ्यासाठी उत्तम, लहान उपखोऱ्यासाठी निरुपयोगी. शिवाय ती मोहीम २०१७ मध्ये संपली आणि तिची जागा घेणारं ग्रेस-एफओ २०१८ मध्ये सुटलं. मधल्या महिन्यांत मोजणीच नाही, तरी आलेखात तिथे सलग रेघ दिसते. तो तुकडा तुटक दाखवावा, असं मी डॅशबोर्ड चालवणाऱ्यांना लिहून कळवलंय. तोवर आकड्यांची सीएसव्ही फाइल उतरवून ते महिने गाळून टाकते आणि मगच कल काढते.