कॅलरी-ॲप म्हणतं तेवढं वजन खरंच उतरतं का? तीन प्रकारच्या अंदाजांची तुलना

कॅलरी मोजणारं ॲप निवडताना पदार्थांची यादी किती मोठी आहे, बारकोड स्कॅन होतो का, हे आधी बघितलं जातं. वजनाच्या अंदाजावर विसंबायचं असेल तर त्याआधी एक गोष्ट तपासा: तुमचा रोजचा कॅलरींचा खर्च ते ॲप कुठून आणतं? खाल्लेलं तुम्ही भरता, पण खर्चाचा आकडा ॲप ठरवतं. तो येतो सूत्रातून, गणिती मॉडेलातून, नाहीतर तुमच्याच नोंदींवरून उलटं गणित करून.

तुलनेसाठी एकच उदाहरण धरू: 38 वर्षांची स्त्री, उंची 165 सेंमी, वजन 80 किलो.

सूत्रावरचा अंदाज

मायफिटनेसपॅलसारखी लोकप्रिय ॲप्स सुरुवात करतात ती 1990 च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने. वजन गुणिले 10, अधिक उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. स्त्री असेल तर आणखी वजा 161, पुरुष असेल तर अधिक 5. आपल्या उदाहरणात उत्तर येतं 1480 कॅलरी. हा नुसतं पडून राहिल्याचा खर्च. सूत्र तसं बरं आहे, बहुतेक प्रौढांच्या बाबतीत प्रत्यक्ष मोजणीपासून ते 10 टक्क्यांच्या आतच राहतं.

घोळ होतो तो पुढे, हालचालीच्या गुणकात. रूढ गुणक घेतले तर ‘बैठं काम’ म्हणजे 1.2 आणि ‘थोडी हालचाल’ म्हणजे 1.375. पहिल्याने दिवसाचा खर्च 1776 येतो, दुसऱ्याने 2035. फरक 259 कॅलरींचा, म्हणजे महिन्याला जवळपास 7770. चरबीच्या हिशेबात हा एक किलो झाला. खातं उघडताना कोणत्या पर्यायावर बोट टेकवलं, एवढ्यावर महिन्याचा अंदाज किलोभराने हलतो.

लांबच्या पल्ल्यात दुसरी चूक येते. मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी 1958 मध्ये मांडलेला पौंडाला 3500 कॅलरींचा, म्हणजे किलोला सुमारे 7700 कॅलरींचा हिशेब अजून सगळीकडे चालतो. चरबीसाठी तो आकडा ठीकच आहे, पण त्यावरून वर्षभराची सरळ रेघ ओढली की गाडी घसरते. खर्च 2035 आणि खाणं 1535 धरलं तर तूट 500 कॅलरींची. रेघ सांगते: आठवड्याला 0.45 किलो, वर्षाला 23.7 किलो. पण वजन 70 किलोवर आलं की याच सूत्राने खर्च 137 कॅलरींनी उतरतो आणि तूट उरते 363. वजनाचा नवा आकडा ॲपमध्ये भरत राहिलात तर काही ॲप्स गणित पुन्हा मांडतात. भरला नाहीत तर जुनीच रेघ पुढे चालू.

मायफिटनेसपॅलमध्ये दिवसाची डायरी पूर्ण केली की ‘रोज असाच दिवस गेला तर 5 आठवड्यांनी वजन इतकं’ असा आकडा येतो. एका दिवसावरून 35 दिवसांचं भाकीत. जेवण चुकलेल्या दिवशी तो सुखावतो, भरपेट जेवलेल्या दिवशी घाबरवतो. त्यावर काहीही ठरवू नका.

घड्याळ जोडलं तर अंदाज सुधारेल, ही आशाही फोल. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली, तेव्हा कॅलरींच्या बाबतीत सर्वांत बरं उपकरण सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. शिवाय दुहेरी मोजणी होते: 1.375 च्या गुणकात रोजचं चालणं आधीच आलेलं असतं, त्यावर घड्याळ तेच चालणं व्यायाम म्हणून पुन्हा जोडतं. सूत्रावरचं ॲप वापरायचंच असेल तर ‘बैठं काम’ निवडून व्यायाम वेगळा भरा, किंवा वरचा गुणक घेऊन व्यायामाच्या कॅलरी बंद करा. दोन्ही एकदम नको.

मॉडेलवरचा अंदाज

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेलं मॉडेल घटत जाणारा खर्च हिशेबात घेतं. त्यावरच बेतलेला ‘बॉडी वेट प्लॅनर’ हा ऑनलाइन गणक फुकट आहे. या मॉडेलचा ठोकताळा असा: रोजच्या खाण्यात कायमची 24 कॅलरींची कपात केली की अखेरीस 1 किलो उतरतो. त्यातला निम्मा बदल सुमारे वर्षभरात होतो आणि 95 टक्के बदल साधारण तीन वर्षांत.

आपल्या उदाहरणात 500 भागिले 24, म्हणजे शेवटी जवळपास 21 किलो. पहिल्या वर्षात साधारण साडेदहा. सरळ रेघ म्हणत होती 23.7. वजन मध्येच अडकलं म्हणून आहार सोडणाऱ्या कितीतरी जणांचं वजन खरं तर अपेक्षित वाटेनेच चाललेलं असतं, फक्त त्यांच्या हातातला नकाशा चुकीचा असतो.

उणीव एकच, पण मोठी. हालचालीची पातळी इथेही तुम्हीच सांगायची असते, आणि कपात रोज पाळली जाते असं मॉडेल धरून चालतं. नंतरच्या नोंदींवरून ते स्वतःला सुधारत नाही.

उलट्या गणिताचा अंदाज

मॅक्रोफॅक्टरसारखी ॲप्स तुमचा खर्च काही आठवड्यांच्या नोंदींवरून काढतात. मॅक्रोफॅक्टरला पैसे पडतात, पण ढोबळ गणित स्प्रेडशीटमध्ये घरीही जमतं: सरासरी खाणं, अधिक (घटलेले किलो गुणिले 7700, भागिले दिवस). समजा 28 दिवस सरासरी 1650 कॅलरी खाल्ल्या आणि वजन 1.2 किलोने उतरलं. 1.2 गुणिले 7700 म्हणजे 9240, भागिले 28 म्हणजे 330. खर्च 1980.

याची खरी ताकद वेगळीच आहे. माणसं खाणं कमी लिहितात. आहार करूनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांवरच्या 1992 च्या एका अभ्यासात त्यांनी सरासरी 47 टक्के खाणं कमी नोंदवलेलं आढळलं. समजा तुम्ही रोज 300 कॅलरी कमी लिहिता. मग खाणं 1950 असताना 1650 दिसेल आणि काढलेला खर्चही 300 ने कमी येईल. दोन चुका एकमेकींना खातात, आणि त्यावरून दिलेलं पुढचं लक्ष्य तरीही बरोबर बसतं. अट एवढीच की चूक रोज सारखी हवी. सोमवार ते शुक्रवार तांदूळ कोरडा तोलला (100 ग्रॅमला सुमारे 360 कॅलरी) आणि शनिवारी शिजलेला भात तोलून कोरड्याच्या नावावर टाकला (शिजल्यावर 100 ग्रॅमला 130 च्या आसपास), की गणित फिसकटलं. तेलही असंच: मोठा चमचा 14 ग्रॅमचा, 120 कॅलरींचा, आणि अंदाजाने ओतलेलं तेल हमखास त्याहून जास्त.

रिकामे दिवस ॲप कसे धरतं, हे घेण्याआधी बघाच. 28 पैकी 4 दिवस कोरे राहिले आणि ते शून्य धरले गेले तर 1650 ची सरासरी 1414 होते. अर्धवट भरलेला दिवस तर त्याहून घातक, कारण तो पुरा भरल्यासारखा दिसतो. निम्मा दिवस राहून गेला तर तो पुसून टाका.

घाई इथे महागात पडते. पाण्यामुळे वजन किलोभर वरखाली होणं रोजचंच आहे: मीठ, मासिक पाळी, जोरदार व्यायामानंतरची सूज. 1 किलोची ही चूक सात दिवसांच्या गणितात रोजच्या 1100 कॅलरींची होते, 28 दिवसांत 275 ची. त्यात आहाराच्या पहिल्या आठवड्यात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, उतरतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी नेतं, त्यामुळे दीड-दोन किलो झटकन जातात. ते चरबी समजून खर्च काढला तर तो भलताच फुगतो. पहिले दहा-बारा दिवस गणितातून वगळा.

वजन रोज सकाळी एकाच वेळी करा, पण बघायचा तो कल. सोपी रीत: कालच्या कलात, आजचं वजन आणि कालचा कल यांच्या फरकाचा दहावा भाग मिळवा. हा कल नऊएक दिवस मागे चालतो, म्हणून वजन आठवड्याला 0.45 किलोने उतरत असेल तर तो काट्यापेक्षा सुमारे 0.6 किलो वर दिसेल. बिघाड नव्हे, रीतच तशी आहे.

मग घ्यायचं कोणतं?

रोज तोलून लिहिण्याची तयारी असेल तर उलट्या गणिताचं ॲप घ्या, महिनाभर त्याचं भाकीत मनावर न घेता. लिहिण्याचा कंटाळा असेल आणि वर्षभराचं ध्येय ठरवायचं असेल तर मॉडेल. सूत्राचं फुकट ॲप पहिल्या महिन्याच्या खाण्याचा आकडा ठरवायला पुरेसं आहे. त्याच्या डायरीतूनच वरचं गणित हाताने करता येतं, आणि पैसे देण्याआधी तेच करून बघावं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना या तिन्हींचे अंदाज लागू होत नाहीत. स्टिरॉइड किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू झाली किंवा थांबली, तर पाण्याची पातळी बदलते. त्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एका गणितात घालू नयेत.